सहा चाकांची हवा: लष्करी ट्रकमधली गळती कशी शोधायची

वाळूत किंवा चिखलात रुतलेला सहा चाकी लष्करी ट्रक बाहेर काढताना ड्रायव्हर खाली उतरत नाही. केबिनमधला एक दांडा सरकवतो. सहाही टायर हळूहळू बसतात, जमिनीवर पसरतात आणि गाडी रुतलेल्या जागेतून चालती होते. पक्का रस्ता लागला की दांडा उलटा सरकवायचा, टायर पुन्हा टणक होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या डक या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकवर ही सोय प्रथम आली. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी ती आपल्या ट्रकवर मोठ्या प्रमाणात बसवली आणि झिल-157 पासून हवेचा मार्ग थेट चाकाच्या हबमधून, म्हणजे मधल्या फिरत्या भागातून नेला. झिल-131, उरल-375, उरल-4320 हे सगळे त्याच वळणाचे. आपल्या तोफखान्याचे ग्रॅड रॉकेट लाँचर उरलवरच आले, त्यामुळे देवळालीला किंवा एखाद्या एलएडीत, म्हणजे पलटणीसोबतच्या वाहनदुरुस्तीच्या छोट्या तुकडीत काम केलेल्या मराठी माणसाला ही गाडी परकी नाही.

माझी नोकरी वाहनदुरुस्तीत गेली. हवेच्या तक्रारीत मी एकच चूक पुन्हा पुन्हा पाहिली: टायरची हवा उतरते म्हटलं की पोरं आधी हब उघडतात. हब उघडणं हे सगळ्यांत जास्त कष्टाचं काम, आणि दहातल्या बऱ्याच वेळा दोष तिथे नसतोच. म्हणून इथे सांगतोय तो क्रम सोप्याकडून अवघडाकडे जाणारा आहे. पाना हातात घेण्याआधी कान, घड्याळ आणि साबणाचं पाणी वापरायचं.

हात लावण्याआधी

गाडी सपाटीवर उभी करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हवेच्या टाक्या रिकाम्या केल्यावर ब्रेक धरतील की सुटतील, हे त्या गाडीच्या रचनेवर असतं. स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीत हवा गेली की ब्रेक लागतो, जुन्या गाडीत हवा गेली की पायाचा ब्रेकच उरत नाही. ठोकळे असले की दोन्हीची चिंता नाही.

स्प्रिंग ब्रेकचा चेंबर उघडायचा नाही. आत दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर माणूस जिवानिशी जातो. दाबाखालची नळी सोडायची नाही; अपवाद फक्त टायरकडच्या छोट्या नळीच्या तपासणीचा, ती पुढे येईल. चाक काढायचं असेल तर आधी टायरची हवा पूर्ण सोडायची, मगच नटांना पाना लावायचा. उरल आणि झिलच्या चाकात टायरला रिमवर धरून ठेवणारी लॉक रिंग असते, अमेरिकी पाच टनी एम-939ए2 च्या चाकाचे दोन भाग बोल्टने जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना चुकीचे नट सैल केले तर रिंग तोफगोळ्यासारखी सुटते. हवा भरताना चाकासमोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, आणि काढलेलं चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं.

डोळ्यांवर चष्मा हवाच. का, ते पुढे येईल.

पहिली पायरी: ड्रायव्हरला नीट विचारा

"हवा उतरते" या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. इंजिन चालू असताना उतरते की बंद असताना? सकाळी पाहिलं तर एकच चाक बसलेलं होतं की सगळी? ब्रेकच्या गेजचा काटा पडतो की टायरच्या? टायर भरत नाही, की भरतो पण सुटत नाही? याची उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं. उत्तरं मिळाली नाहीत तर गाडी रात्रभर तुमच्याकडे ठेवून घ्या.

दुसरी पायरी: आधी ब्रेकची हवा

टायरची हवा ब्रेकच्याच टाक्यांतून येते. म्हणून कारखान्याने ब्रेकला पहिला मान दिला आहे. झिल-131 मध्ये टाकीतला दाब साधारण 5.5 किलोच्या खाली गेला की एक झडप टायरकडे जाणारा मार्ग बंद करते, म्हणजे टायर भरता भरता ब्रेक रिकामे होऊ नयेत. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो. 1 किलो म्हणजे सुमारे 14 पीएसआय.) त्यामुळे "टायर भरतच नाही" ही तक्रार अनेकदा टायरची नसतेच. कॉम्प्रेसर हवा बनवत नाही, टाकी साडेपाचावर चढत नाही, आणि ती झडप आपलं काम चोख करत बसलेली असते. ती झडप बदलून काही होत नाही.

इंजिन चालू करा, टायरचा दांडा मधल्या जागेवर (भरणंही नाही, सोडणंही नाही) ठेवा आणि घड्याळ लावा. टाक्या किती वेळात भरतात? गाडी धडधाकट असताना हा वेळ लॉगबुकात लिहून ठेवलेला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. वेळ दुप्पट झाला असेल तर कॉम्प्रेसरकडे चला: आत घेण्याच्या बाजूचा फिल्टर धुळीने भरलेला, बेल्ट ढिला, अनलोडर (टाकी भरल्यावर कॉम्प्रेसरला रिकामा फिरू देणारा भाग) अडकलेला, किंवा कॉम्प्रेसरमधून बाहेर जाणारी नळी काजळीने अरुंद झालेली. इंजिन बंद करून, दाब उतरवून ती नळी सोडा आणि आत बोट फिरवा. काळा, कडक थर लागला तर कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा झिजून तेल वर येतंय, आणि टाकीच्या ड्रेनमधूनही तेलकट पाणी पडेल.

हवा बनत असताना एअर ड्रायरच्या (हवेतलं पाणी शोषणाऱ्या डब्याच्या) खालून सतत फुसफुस येत असेल तर तिथली झडप बसत नाही. तिथे बारीक खडा किंवा गंज असतो, बहुतेक वेळा साफ केल्यावर सुटतं.

काटा पुरेसा वर गेला की गव्हर्नरने हवा भरणं तोडायला हवं. झिल-131 मध्ये तो सातच्या पुढे तोडतो आणि दाब उतरला की पुन्हा जोडतो. काटा चढतच राहिला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर दोष गव्हर्नर किंवा अनलोडरचा. सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून गप्प करायचा नाही.

आता इंजिन बंद करा, ब्रेक मोकळे ठेवा आणि काटा पाहा. अमेरिकेत जड वाहनाच्या परवान्याच्या परीक्षेत एकट्या ट्रकसाठी मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त गळती चालत नाही, पेडल दाबून धरल्यावर 3 पीएसआय. हा मापदंड मी सगळ्या गाड्यांना लावतो. पेडल मोकळं असताना काटा स्थिर आणि दाबल्यावर पडत असेल तर ब्रेक चेंबरचा रबर किंवा पेडलखालचा व्हॉल्व्ह. एकाने पेडल दाबून धरावं आणि दुसऱ्याने गाडीभोवती फिरावं. त्या वेळी शेजारची गाडी बंद करायला लावा, आणि गप्पा नकोत.

ब्रेकची बाजू स्वच्छ झाल्याशिवाय टायरच्या बाजूला जायचं नाही.

तिसरी पायरी: गाडीचे दोन भाग करा

उरल-झिलच्या रचनेत एक गोष्ट समजली की बाकीचं आपोआप समजतं. केबिनमधल्या व्हॉल्व्हपासून निघालेली नळी सहाही चाकांना जाते. दांडा मधे असला आणि चाकांवरचे कॉक (हवा बंद-चालू करणाऱ्या तोट्या) उघडे असले की सहाही टायर एकमेकांना जोडलेले असतात आणि गेज त्या सगळ्यांचा मिळून दाब दाखवतं. म्हणूनच एका चाकाला खिळा लागला तर सकाळी सहाही बसलेली दिसतात. नवखा माणूस घाबरतो, पण भोक एकच असतं.

प्रत्येक चाकावरचा कॉक हा या रचनेतला कुंपणाचा खांब. कॉकच्या आतल्या बाजूला केबिनचा व्हॉल्व्ह, चेसिसवरच्या नळ्या, हबमधले सील. बाहेरच्या बाजूला छोटी रबरी नळी, टायरचा व्हॉल्व्ह आणि ट्यूब. गळती यातल्या कुठल्या बाजूला आहे, हे एका रात्रीत कळतं.

टायर पूर्ण दाबाला भरा. उरल-375 साठी तो 3.2 किलो, म्हणजे सुमारे 45 पीएसआय. भरताना गेज पाहू नका, त्या वेळी ते नळीतला दाब दाखवतं आणि तो टायरपेक्षा जास्त असतो. दांडा मधे आणा, मिनिटभर थांबा, मग वाचा. त्यानंतर सहाही कॉक बंद करा आणि प्रत्येक टायरवर खडूने जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतची उंची लिहा. सकाळी पुन्हा मोजा.

एखादंच चाक बसलं असेल तर दोष त्याच चाकावर, कॉकच्या बाहेर. साबणाचं पाणी आधी छोट्या रबरी नळीच्या दोन्ही टोकांना लावा, मग टायरच्या व्हॉल्व्हच्या बुडाला, मग कॉकच्या दांडीला. बाभळीच्या काट्याने किंवा दगडाने ही नळी फाटते, म्हणून तिच्यावर पत्र्याचं झाकण असतं. ते झाकण कोणी काढून टाकलं असेल तर आधी ते शोधून आणा.

सगळी चाकं ताठ असतील तर ट्यूब, टायर, बाहेरच्या नळ्या निर्दोष. आता आतली बाजू.

चौथी पायरी: केबिन ते हब

कॉक बंद ठेवूनच नळीत हवा भरा, दांडा मधे आणा आणि गेज पाहा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: नळ्यांमध्ये हवा फार थोडी मावते, त्यामुळे सुईएवढ्या गळतीनेही काटा भराभर पडतो. मोठं भोक पडलंय असं समजून सगळं उघडायला घेऊ नका.

साबणाचं पाणी या क्रमाने लावा. आधी चेसिसवरचे जोड. मग चेसिस आणि ॲक्सल यांच्यामधल्या लवचीक नळ्या, कारण त्या दिवसभर वाकत असतात. मग केबिनच्या व्हॉल्व्हमधून हवा बाहेर सोडणारं टोक: दांडा मधे असताना तिथे बुडबुडा धरला तर आतल्या दांडीचं सील गेलं आहे. तिथला नट आवळून तात्पुरतं थांबतं, पण दांडा जड होतो आणि आठवड्यात पुन्हा गळतो. सील बदला.

यानंतर ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वरची छोटी टोपी. ही माझी सगळ्यांत आवडती तपासणी. हबमध्ये हवा फिरणाऱ्या भागात जाते, तिथे दोन रबरी सीलांच्या मधून ती चाकाकडे पोचते. आतल्या बाजूचं सील झिजलं तर हवा ॲक्सलच्या पोटात शिरते आणि वरच्या ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदरवरचा चिखल पुसा, टोपी बोटाने दोनदा फिरवा आणि साबणाच्या फेसाचा एक गोळा त्यावर ठेवा. फेस फुगून वर आला, फुटला, पुन्हा फुगला, तर त्या ॲक्सलच्या हबचं सील गेलं. बाकीच्या दोन ॲक्सलवर फेस शांत बसलेला असेल. सहा हब उघडण्याऐवजी आता दोनच संशयित उरले.

ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ही हवा दुसरी वाट काढते. ती तेलाला ऑइल सीलमधून ढकलते आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. म्हणून ड्रममध्ये तेल दिसलं की नवीन ऑइल सील मारण्याआधी ब्रीदर पाहा. नाहीतर तेच सील महिन्यात पुन्हा गळेल. पुराच्या पाण्यातून किंवा नदीतून गेलेल्या गाडीचे ब्रीदर त्याच संध्याकाळी काढून धुतलेच पाहिजेत. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात लष्कराच्या तुकड्या उतरल्या होत्या. तशा गाळाच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला याची सर्वांत जास्त गरज असते.

दोन हबमधला कोणता? आधी नळीतली हवा सोडा, मग त्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फांदीवर एका बाजूची नळी सोडून तोंड बंद करणारा डमी बोल्ट लावा, हवा भरा आणि पुन्हा फेस पाहा. सापडला. आता हब उघडा. नवीन सील बसवण्याआधी सील ज्यावर फिरतं तो भाग बोटाने चाचपा. गंजाचा खडबडीत पट्टा लागला तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खोल खड्डा असेल तर नवीन सील टिकणार नाही, भाग बदलावा लागेल. सील कोरडं बसवू नका, आधी ग्रीस लावा. उभ्या राहिलेल्या गाडीचे सील चालत्या गाडीपेक्षा लवकर जातात, कारण रबर एकाच जागी सुकतं आणि लोखंडावर गंज धरतो. म्हणून लांब मुदतीने उभ्या गाडीचे कॉक बंद ठेवावेत आणि अधूनमधून गाडी थोडी फिरवावी.

भरतो, पण सुटत नाही

ही तक्रार वेगळी आहे आणि तिने मला एकदा दोन दिवस अडकवलं. पाच टायर वाळूसाठी मऊ होत, सहावा दगडासारखा टणक राही. मी त्या चाकाचा हब उघडला, सील बदललं, नळ्या फुंकून साफ केल्या. काहीच फरक नाही. वर्कशॉपमधल्या उस्तादांनी मला बाजूला केलं, कॉक बंद केला आणि टायरकडची छोटी नळी सोडली. या चाकांत नळी सोडली की टायरची सगळी हवा जोरात बाहेर येते, धूळ-खडे घेऊन. म्हणूनच वर चष्म्याचं सांगितलं. इथे हवा आलीच नाही. उस्ताद व्हॉल्व्हच्या तोंडात बॅटरी मारून म्हणाले, "बघ, पिन आहे."

या टायरांच्या व्हॉल्व्हमध्ये पिन बसवतच नाहीत, कारण हवेला दोन्ही दिशांनी जायचं असतं. रस्त्यात कुठेतरी पंक्चर काढताना त्या दुकानदाराने सवयीने पिन घातली होती. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. तेव्हापासून पंक्चर काढून आलेल्या प्रत्येक चाकाची नळी मी सोडून पाहतो.

पिन नसेल तर गंजाचा पापुद्रा किंवा माती नळीत अडकलेली असते. चाकाकडून केबिनच्या दिशेने फुंकायचं, उलट दिशेने नाही, नाहीतर कचरा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. फुंकण्याआधी केबिनच्या टोकाला नळी सोडायला विसरू नका.

टायर फार हळू भरतो

आधी हिशेब करा. उरलचा टायर मोठा, माझ्या ढोबळ मापाने अडीचशे लिटरचा. सहा टायर अर्ध्या किलोवरून 3.2 ला न्यायचे तर चार हजार लिटरहून जास्त मोकळी हवा लागते. मिनिटाला दोनशे लिटर देणाऱ्या कॉम्प्रेसरला त्यासाठी वीस मिनिटं तरी लागणार, आणि दाब चढला की तो आणखी मंदावतो. अर्धा तास लागला म्हणून काही बिघडलेलं नाही. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरच्या ठिकाणी हवाच विरळ, तिथे याहून जास्त वेळ लागतो.

उंचीवर आणखी एक गोंधळ होतो. समुद्रसपाटीला 30 अंशात 3.2 किलो भरून कॉक बंद केलेला टायर लेहला उणे 10 अंशात 3 च्या आसपास दाखवेल. बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज वर जायला हवं, थंडीने खाली यायला हवं, दोन्ही मिळून थोडंच खाली येतं. याला गळती समजू नका. पण सहापैकी एकच टायर याहून बराच खाली असेल तर ती गळतीच.

थंडीत सकाळी काम न करणारी आणि दुपारी सुरळीत चालणारी व्यवस्था म्हणजे नळीत पाणी गोठलंय. टाक्या रोज संध्याकाळी, इंजिन गरम असतानाच, ड्रेन करा. पाणी तेव्हाच सगळं बाहेर येतं. ड्रायरची पुडी तेलाने माखली असेल तर बदला. काही गाड्यांत हवेत अल्कोहोल सोडणारी बाटली असते, हिवाळ्याआधी ती भरा. गोठलेल्या नळीला ब्लोलँपची ज्योत दाखवायची नाही. रबर जळतं आणि पुढच्या उतारावर नळी फुटते.

बटणांची व्यवस्था असलेले ट्रक

अमेरिकी एम-939ए2 आणि एफएमटीव्ही ट्रकमध्ये दांड्याऐवजी बटणं असतात: पक्का रस्ता, कच्चा रस्ता, वाळू, आणीबाणी. कॉम्प्युटर हवेचा ठोका सोडून टायरचा दाब मोजतो, हवी तितकी भरतो किंवा सोडतो, आणि मग नळी रिकामी करतो. म्हणजे हबच्या सीलावर कायम दाब नसतो. चाकावरचा व्हॉल्व्ह हवेच्या इशाऱ्याने उघडतो.

इथे दिवे लुकलुकले की लोक वायर आणि डबे बदलायला धावतात. क्रम तोच ठेवा. ब्रेकचा दाब पुरेसा नसेल तर ही व्यवस्था कामच सुरू करत नाही. वाळूच्या दाबावर वेगाने गाडी हाकली तरीही दिवे लुकलुकतात आणि ती स्वतःहून टायर भरायला लागते, ते तिचं कर्तव्यच आहे. दर थोड्या वेळाने ती आपणहून हवा भरायला लागत असेल तर कुठेतरी टायर गळतोय, कॉम्प्युटर त्याची भरपाई करतोय. एकच चाक सतत कमी राहत असेल तर त्या चाकावरचा व्हॉल्व्ह काढा, आत वाळू किंवा ओलावा सापडेल. हवेचं सगळं स्वच्छ निघाल्यावरच प्लगच्या पिना, गंज आणि तुटक्या वायरकडे जा.

गाडी परत देताना

दुरुस्तीनंतर टायर पूर्ण दाबाला भरा आणि वाळूच्या दाबापर्यंत उतरवा. सहाही टायर सारखेच पसरतात का ते गाडीभोवती फिरून पाहा, पुन्हा भरा. अर्ध्या किलोवर गाडी चालवून पाहायची असेल तर ताशी 10 किलोमीटरच्या वर नको. सगळ्या नळ्यांची झाकणं बसवा. मग सहाही कॉक उघडे ठेवून, इंजिन बंद करून गाडी रात्रभर उभी करा. खडूचे जुने आकडे पुसून नवे लिहा. सकाळी ड्रायव्हरला बरोबर घेऊन तेच आकडे पुन्हा मोजा आणि टाक्या भरायला लागलेल्या वेळेसह लॉगबुकात लिहून त्याची सही घ्या.